पाच पोट्टीले

दिवाळीनंतर आत्याला झटका आला आणि तिची वाचा गेली. अगदी सगळी गेली नाही. उजवा हात पडला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि दवाखान्यातून घरी आणल्यावर तिच्या तोंडून धड असे दोनच शब्द निघू लागले. 'पाच' आणि 'पोट्टीले'. बाकी सगळं ओठांपर्यंत येऊन विरून जायचं. हो म्हणायचं असलं की 'हव' म्हणायची, आणि नाही म्हणायचं असलं की डाव्या हाताने पलंगावर थाप मारायची. थापेत जोर मात्र पहिल्यासारखाच होता.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. लग्न केलं नाही, सगळी हयात शाळेत शिकवलं, आणि ऐंशी ओलांडल्यावरही रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या दोन खोल्यांत एकटी राहत होती. झटका आल्यावर आम्ही तिला तेलीबांध्याच्या आमच्या फ्लॅटवर आणलं. घरात आम्ही तिघं: मी, सिलतऱ्याच्या कारखान्यात नोकरी करणारा माझा नवरा, आणि कॉलेजात जाणारी मुलगी, जिला मराठी सगळी समजते पण उत्तर देते ती हिंदीत.

"पाच पोट्टीले," आत्या सकाळी डोळे उघडल्या उघडल्या म्हणायची. आमच्याकडे पोट्टी म्हणजे मुलगी, आणि पोट्टीले म्हणजे मुलीला. तेव्हा अर्थ अगदी सरळ होता. मुलीला पाच दे. आता पाच काय, आणि कोणत्या मुलीला, एवढंच कळत नव्हतं. म्हणजे काहीच कळत नव्हतं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की दुसरा झटका कधीही येऊ शकतो आणि तो आला तर हे दोन शब्दही जातील. "जो पूछना है, अभी पूछ लीजिए," ते म्हणाले. मी पूछत होते हो, सकाळ-संध्याकाळ पूछत होते! पण समोरच्या माणसाकडे उत्तरादाखल 'पाच'च असेल तर विचारणाऱ्याने करायचं काय? तरी एक मनाशी पक्कं होतं. आत्याने जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आता मागत होती, आणि तिची वाचा आहे तोवर ते मला समजायलाच हवं होतं.

पहिला प्रयोग मुलीने केला. तिने बशीत पाच बिस्किटं आणली. "नानी, पाँच। लो।" आत्याने थाप मारली. मग पाच फुलं आणली, पाच बोटं दाखवली, घड्याळाचा काटा पाचावर नेऊन दाखवला. थाप, थाप, थाप. नवरा म्हणाला, "तिनं पाचवीचा वर्ग शिकवला न इतकी वर्षं? वर्गातल्या पोट्टीचं काही आठवून राहिलं असन." आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा घेऊन बाल्कनीत गेला.

मला वाटलं, पाचवारी! नऊवारी सोडून आत्या जिंदगीभर पाचवारी साड्या नेसली, त्यांतली एखादी चांगली माझ्या मुलीला द्यायची असेल. रविवारी पुरानी बस्तीत जाऊन मी तिची पेटी आणली आणि एकेक साडी तिच्यासमोर उलगडली. शेवटची साडी उलगडली तेव्हा आत्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. साडी आवडली म्हणून नव्हे, माझ्या मठ्ठपणाचा वैताग आला म्हणून. मग शेजारच्या काकूंनी आपलं डोकं चालवलं. "पाचवीची पूजा म्हणत असतील हो," त्या हळूच म्हणाल्या, "बाळंतिणीची." माझी मुलगी लाल झाली. तिचं अजून लग्नाचं नाव नाही, आणि काकू माझ्या तोंडाकडे अशा बघत होत्या की मी हसावं की भांडावं ते मला समजेना.

याच दिवसांत ऑफिसातही माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी नवा रायपुरातल्या एका कार्यालयात काम करते. तिथे रत्नांचं एक छोटं दालन होणार होतं, आणि त्याच्या भिंतींवर लावायच्या फलकांचा मजकूर हिंदीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. का, तर माझं हिंदी शुद्ध. रत्नांमधलं मला काय कळतं, हे कोणी विचारलं नाही. माझ्या अंगावर मंगळसूत्र आणि कानात टॉप्स, याउपर माझा आणि जवाहिराचा संबंध नाही. "मॅडम, जनता के लिए सरल भाषा में," साहेब म्हणाले आणि पुस्तकांचा एक ढीग माझ्या टेबलावर ठेवून गेले.

मी माणकापासून सुरुवात केली. म्हटलं, लाल खडा म्हणजे माणिक, यात काय अवघड आहे? पण आज लिहिलेला फलक उद्या खोटा ठरायचा. माणिक आणि नीलम हे दोन वेगळे खडे, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. तर म्हणे दोन्ही एकच दगड. त्याचं नाव कुरुंद. ज्या कुरुंदाच्या चाकावर सुऱ्यांना धार लावतात, तोच! शुद्ध असला की त्याला रंगच नसतो. किंचित क्रोमियम मिसळलं की लाल, म्हणजे माणिक. लोखंड आणि टायटॅनियम मिसळलं की निळा, म्हणजे नीलम. आणि तेच क्रोमियम दुसऱ्या एका दगडात शिरलं की तो दगड हिरवा होतो, म्हणजे पन्ना. लाल करणारंही तेच आणि हिरवं करणारंही तेच. वर कुरुंदाचं इंग्रजी नाव, कोरंडम, आपल्याच दक्षिणेतून तिकडे गेलेलं. आणि हा कुरुंद आमच्या बस्तरच्या खालच्या अंगाला सापडतो, हेही मला या वयात पुस्तकातून कळलं.

इथवरसुद्धा मी सांभाळून घेतलं. पण पुढे कळलं की इंग्लंडच्या राजमुकुटात अगदी समोर बसवलेलं ते भलंमोठं माणिक माणिकच नाही. ते स्पिनेल नावाचं वेगळंच काही आहे. राजांनी ते लढायांत मिरवलं, एकमेकांकडून घेतलं, जपलं, आणि शेकडो वर्षांत कोणाला पत्ता नाही. लाल ते माणिक, एवढाच तेव्हाचा हिशोब. रसायनशास्त्र आलं आणि दोघांची फारकत झाली. जुन्या लोकांचा पुष्कराज म्हणजे बहुतेक आजचा पुष्कराज नव्हेच, आणि पश्चिमेकडच्या जुन्या पोथ्यांतला नीलमणी म्हणजे लाजवर्द, आरपार न दिसणारा निळा दगड. म्हणजे हजारो वर्षं माणसं बोटात घालत होती एक आणि नाव घेत होती दुसऱ्याचं. त्यातून आमच्या गरियाबंदकडे सापडणारा अलेक्झांड्राइट. तो उन्हात हिरवा दिसतो आणि दिव्याखाली लाल. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि खरंच मोठ्याने म्हणाले, "अरे, निदान एक रंग तरी धर न बाबा!" शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वळवून पाहिलं.

संध्याकाळी घरी यावं तर आत्या. "पाच पोट्टीले." कधीकधी मला वाटायचं, ऑफिसात दगडांची नावं आणि घरात आकडा, या दोन्हींनी मिळून माझं डोकं फिरवायचं ठरवलं आहे.

आमच्या घरातल्या मराठीबद्दल इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचे पूर्वज भोसल्यांच्या काळात नागपुराकडून इकडे आले आणि राहिले. घरात आम्ही मराठी बोलतो, पण बाजार सगळा हिंदीत होतो. त्यामुळे जे घरात पिकतं त्याला मराठी नाव आणि जे विकत आणायचं त्याला हिंदी, अशी काहीतरी विभागणी आमच्या डोक्यात झालेली आहे. भाकर मराठी, पण सदर बाजारातलं सोनं हिंदी. सराफाच्या दुकानात मी जन्मभर 'मूंगा', 'पुखराज', 'पन्ना' असंच ऐकलं आणि तसंच म्हटलं. पोवळं हा शब्द मला पुस्तकात भेटला, आणि तोही लग्न झाल्यावर. आम्हाला आमची भाषा येते, फक्त तिच्यातले काही कप्पे आम्ही कधी उघडलेले नसतात.

आत्यानेच मला वाढवलं. मी चार वर्षांची असताना आई गेली. वडिलांची नोकरी फिरतीची. आत्याने मला वेणी घालून दिली, पाढे घोकून घेतले, ताप आला तर उशाशी बसली. पण लाड म्हणून नाही. मला ती पूर्ण नावाने हाक मारायची, शाळेत हजेरी घेतात तशी. वेणी इतकी घट्ट घालायची की भुवया वर जायच्या. "काहून रडून राहिली?" हे ती विचारायची, आणि उत्तर ऐकायच्या आधी पुढचं काम सांगायची. तिने मला जवळ घेतल्याचं मला आठवत नाही. भावाची पोर गळ्यात पडली आणि तिने ती निभावून नेली, असंच मी धरून चालले होते. राग नव्हता त्याचा. पण मनात एक जागा रिकामी राहिली होती, हे आज कबूल केलेलं बरं.

मग आत्याने जेवण टाकलं. चमचा तोंडाजवळ नेला की ओठ गच्च मिटायची. "पाच पोट्टीले." आधी पाच, मग जेवण, असा हट्ट. मी विनवण्या केल्या, रागावले, नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडले. नवरा म्हणाला, "अगं, म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात काहीही बसते. तू काहून इतकं मनाले लावून घेऊन राहिली?" मी म्हटलं, "कारण ती मले सांगून राहिली अन् मले समजून नाही राहिलं!" त्याने आत्याची वाटी झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले ती निव्वळ पन्न्याचा फलक द्यायचा राहिला होता म्हणून. आमच्याकडे एक भूवैज्ञानिक नव्याने आले होते, साताऱ्याकडचे. रायपुरात मराठी बोलणारं माणूस भेटलं म्हणून ते माझ्याशी आवर्जून मराठीत बोलायचे आणि माझी मराठी ऐकून मिशीत हसायचे. फलकात शास्त्राच्या चुका आहेत का ते बघायचं काम त्यांचं.

"पन्ना," त्यांनी वाचलं. "आपला पाचू. छान लिहिलंय, मॅडम. आमची आजी पाच म्हणायची."

"काय म्हणायची?"

"पाच. पाचेची अंगठी, पाचेचा खडा. जुनी माणसं तसंच म्हणतात ना? तुमच्याकडे नाही म्हणत?"

"परत म्हणा," मी म्हटलं.

"पाच," ते जरा घाबरून म्हणाले. "एक तर ते वासाचं पान असतं, देवाला वाहतात ते. नाहीतर पाचू. काय झालं, मॅडम?"

मला हसू येत होतं. महिनाभर मी भिंतींवर लिहीत होते की माणसांनी दगडांना भलतीच नावं दिली, राजेसुद्धा फसले, वगैरे. आणि घरात एक बाई मला एका खड्याचं अस्सल मराठी नाव रोज ऐकवत होती आणि मी बिस्किटं मोजत होते. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बस तेलीबांध्याच्या तलावाला वळसा घालून थांबेपर्यंत मी मनातल्या मनात तेच घोकत होते, न जाणो पुन्हा आकडा होऊन बसायचं.

आत्या जागी होती. मुलगी कॉलेजातून येऊन तिच्याजवळ बसली होती. मी चप्पलही न काढता पलंगाशी गेले.

"आत्या, पाच म्हंजे पन्ना का? हिरवा खडा? अंगठीतला?"

आत्याने थाप मारली नाही. मग डोळे मिटून तिने एक लांब श्वास सोडला. "हव," ती म्हणाली. "हव, हव, हव."

पण आत्याजवळ पन्ना आला कुठून? तिच्या अंगावर मी कधी दागिना पाहिला नव्हता. बोटात एक जुनी अंगठी तेवढी होती, तिचा खडा कायम तळहाताच्या बाजूला फिरवलेला, कणकेचा आणि खडूचा मळ साचून काळा पडलेला. कधी वर दिसलाच तर आम्ही म्हणायचो, शनीचा असेल. आत्याला विचारायची कोणाची हिंमत नव्हती. झटका आला तेव्हा बोट सुजलं, दवाखान्यात ती अंगठी कापून काढावी लागली, आणि नर्सने औषधाच्या पुडीत घालून ती माझ्या हातात दिली. मी ती कपाटातल्या एका डबीत टाकली होती, सेफ्टी पिनांच्या सोबतीला.

मी भूवैज्ञानिकांना फोन लावला. "गरम पाणी अजिबात नको," ते म्हणाले, "पाचेच्या आत चिरा असतात. साध्या पाण्यात बोटाने चोळा. आणि मॅडम, पाच आहे की काच, ते तपासल्याशिवाय मी सांगणार नाही."

"ते मागून पाहू," मी म्हटलं.

वाटीतलं पाणी दोनदा काळं झालं. तिसऱ्या पाण्यात खड्याचा एक कोपरा उघडा पडला आणि मुलगी ओरडली, "मम्मी, ग्रीन!" बाल्कनीतल्या उन्हात धरला तर खरंच हिरवा. आत बारीक रेघांची जाळी. काच असो की पाच, इतकी वर्षं ही हिरवाई माझ्या डोळ्यांसमोर पोळ्या लाटत होती आणि मला ती काळी वाटत होती.

आता पोट्टी कोण, यात शंकाच नव्हती. घरात पोट्टी एकच. मी अंगठी मुलीच्या हातावर ठेवली आणि तिला आत्यासमोर उभं केलं. खरं सांगते, ठेवताना मला थोडं लागलं. आत्याने तिला बाळपणापासून मांडीवर घेतलं होतं, तिच्याशी ती हसायची. मी स्वतःलाच दटावलं. पोटच्या पोरीचा काय हेवा करायचा?

"बघ आत्या. पाच पोट्टीले देल्ली. आता जेव."

आत्याने जोरात थाप मारली.

मला रडूच कोसळलं. पाच बरोबर, तर आता पोट्टी चूक! मग कोण? वर्गातली कोणी? शेजारची? मुलगी मात्र माझ्यासारखी घायकुतीला आली नाही. ती पलंगावर बसली, आत्याचा हात हातात घेतला आणि विचारलं, "नानी, पोट्टी कौन? कौन सी पोट्टी?"

आत्याच्या गळ्याची शीर ताठ झाली. ओठ वाकडे झाले, सरळ झाले, पुन्हा वाकडे झाले. मी म्हणणार होते की राहू दे, ताण नको. तेवढ्यात तिच्या तोंडून दोन नवे शब्द निघाले.

"माय... नाही."

मला वाटलं, म्हातारपणी तिला तिची आई आठवते आहे. "आत्या, आजीले जाऊन किती वर्षं झाली," मी समजुतीच्या सुरात म्हणाले, "आता कुठून आणू तिले?"

"मम्मी," मुलगी म्हणाली. "अपनी मम्मी के लिए नहीं बोल रहीं। बिना माँ की पोट्टी बोल रही हैं। आपकी मम्मी नहीं थीं न।"

मी आत्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. बावन्न वर्षांची मी, गुडघे दुखणारी, केस अर्धे पांढरे. मला पोट्टी म्हणणारं या जगात कोणी आहे हे मला माहीत नव्हतं. तोंडाने ती माझं नाव घ्यायची, पूर्ण, हजेरीतलं. मनात मात्र तिने मला इतकी वर्षं याच नावाने हाक मारली असणार, कारण सगळे शब्द गेले आणि हाकेचा तोच एक राहिला.

मुलीने अंगठी माझ्या हातावर ठेवली. कापलेली, मधे फट पडलेली. ही आत्याची स्वतःची, की जाताना आईने माझ्यासाठी तिच्याजवळ ठेवलेली? वडील नाहीत, पुरानी बस्तीतलं त्या वेळचं कोणी उरलं नाही, आणि आत्या सांगू शकत नाही. मला ते आजही माहीत नाही. तेव्हा मी विचारलं मात्र.

"आत्या, ही माह्या आईची होती का?"

"हव."

"का तुझी?"

"हव," आत्या म्हणाली, आणि डाव्या हाताने तिने माझी बोटं अंगठीवर मिटवली.